गहाण पडलेले पांघरूण

प्राचीन इस्राएलमध्ये गरिबाच्या अंगावरचे जाडेभरडे वस्त्र दिवसा नेसूचे आणि रात्री पांघरुणाचे काम करी, आणि कर्ज काढायची वेळ आली की गहाण टाकण्याजोगे त्याच्यापाशी बहुधा तेवढेच उरलेले असे. ‘निर्गम’ या हिब्रू धर्मग्रंथातील नियमाप्रमाणे सावकाराने असे वस्त्र सूर्यास्तापूर्वी परत करायचे असते. रोज संध्याकाळी परत द्यावे लागणारे तारण वसुलीच्या दृष्टीने जवळजवळ कुचकामीच, आणि नियम घालणाऱ्यांचा रोखही बहुधा तोच असावा.

इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यास, दुसऱ्या यराबामाच्या कारकिर्दीत, उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात सुबत्ता होती. राजधानी शोमरोनच्या उत्खननात निघालेले हस्तिदंती नक्षीकामाचे शेकडो तुकडे राजवाड्यातील ऐश्वर्याची कल्पना देतात. या राज्यात आमोस हा संदेष्टा, म्हणजे देवाच्या वतीने बोलणारा माणूस, दक्षिणेतील यहूदाच्या तकोवा गावाहून आला. तो मेंढरे पाळणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा होता. धान्याचे ‘एफा’ हे माप लहान करून आणि चांदी तोलण्याचे ‘शेकेल’ हे वजन वाढवून व्यापारी लुबाडतात, जोड्याच्या एका जोडापायी गरीब विकला जातो, असे त्याचे आरोप होते. पण गहाण घेतलेली वस्त्रे अंथरून धनिक थेट वेदीपाशी पहुडतात, हा आरोप सर्वांत झोंबणारा, कारण त्यात सावकारी आणि भक्ती एकाच बिछान्यावर दिसतात. बेथेलच्या राजमंदिराचा याजक अमस्या याने त्याला यहूदात जाऊन तिकडेच पोट भरण्यास बजावले, यात नवल नाही.

याफो आणि अश्दोद यांच्या दरम्यानच्या किनाऱ्यावरील मेसाद हशव्याहू या छोट्या किल्ल्यात 1960 साली, आमोसानंतर शतकाहून अधिक काळाने शाईने लिहिलेला एक खापराचा लेख सापडला. तो एका कापणीच्या मजुराचा किल्लेदाराकडे केलेला अर्ज असून, ठरलेली कापणी पुरी करून धान्य कोठारात भरले असतानाही शोबायचा मुलगा होशायाहू याने आपले वस्त्र हिसकावून नेले, अशी त्यात तक्रार आहे. उरलेल्या मजकुरात सूर्यास्ताच्या नियमाचा उल्लेख कोठेही नाही. उन्हात सोबत राबलेले कापणीवाले आपल्या बाजूने साक्ष देतील, एवढाच त्या मजुराचा आधार आहे, आणि देणे भाग वाटत नसेल तर निदान दया म्हणून तरी ते वस्त्र परत करावे, अशी त्याची विनवणी आहे.