बुजरे मूल आणि मैदान



वसंतातल्या या व्याख्यानांतून मोठमोठ्या प्रश्नांची चर्चा होते, आणि ती व्हावीही. आम्ही मात्र आज वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाविषयी बोलणार आहोत. ते मुखदुर्बळ असते. उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. कोणी त्याच्या चालण्याची नक्कल करतो, कोणी त्याच्या अडखळत्या बोलण्याची. कोणी त्याचे दप्तर लपवतो. घरी ते काही सांगत नाही. आणि सांगितलेच, तर आपण काय म्हणतो? "तूही दोन ठेवून दे!"

हा उपदेश करणाऱ्यांत आम्हीही होतो. ज्याला चारचौघांत पाणी मागण्याचा संकोच, तो दोन ठेवून कसा देणार? आणि समजा देऊ लागला, तर गावात आणखी एका दांडगटाची भर पडली, एवढेच.

दुसरे उत्तर असे की, त्याला मैदानावर पाठवा. हे बरे; परंतु अर्धेच. मैदान आपोआप कोणाला धीट करीत नाही. दोन नायक उभे राहतात, एकेक चपळ गडी उचलतात, आणि शेवटी आपला हा मुलगा उरतो. "जा, घ्या यालाही!" वर्गातली फजिती निदान चार भिंतींच्या आत होती, येथे ती उघड्यावर होते. आमच्या लहानपणीच्या पोट्ट्यांनी यावर तोड काढली होती. बरोबरीच्या दोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावे घ्यायची आणि नायकाला विचारायचे, "चंद्र हवा की सूर्य?" नायक नाव मागणार, गडी कोण मिळतो ते नशिबावर. नकोसा म्हणून कोणी उरतच नसे! हे शहाणपण कोणत्याही शिक्षणशास्त्रज्ञाने आम्हांला शिकविलेले नव्हते.

आमच्या देशी खेळांच्या नियमांतही असेच शहाणपण भरलेले आहे. खो-खो पाहा. आठ गडी आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसलेले, नववा पाठलागावर. बसलेल्याने आपण होऊन उठावयाचे नाही. पाठीवर थाप पडली, कानावर 'खो' पडला, की मात्र उठावेच लागते. बुजऱ्या मुलाचे सारे दुःख हेच, की त्याला पुढे होता येत नाही आणि कोणी बोलावीतही नाही. येथे नियमच त्याला बोलावतो. ज्याने सकाळी त्याला वेडावले, त्यालाच दमछाक झाली की संध्याकाळी त्याच्या पाठीवर थाप मारून आपली जागा त्याला द्यावी लागते.

कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा बाद होत नाही. आपल्या बाजूने समोरचा एक मारला, की आपला एक जिवंत होतो. आणि तोही बाद झाल्याच्या क्रमाने, नायकाच्या मर्जीने नव्हे. चढाईला मात्र एकट्यानेच जावे लागते. सात जणांच्या अंगणात, दम न सोडता, तोंडाने सारखा उच्चार करीत. जो मुलगा वर्गात दोन शब्द बोलत नाही, तो तेथे मोठ्याने बोलतो, कारण न बोलला तर बाद होईल. पहिल्या दहा चढायांत तो पकडला जातो. पकडले जाण्याने आपण मरत नाही, हे त्याच्या अंगाला एकदा कळले की बरेचसे काम झाले.

या खेळांचा वऱ्हाडशी संबंध जुना आहे. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी उभे केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपणांस ठाऊकच आहे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखविली. त्याचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु बर्लिनला गेलेल्यांची आठवण काढताना घराबाहेर न पडणारा आपला शेजारचा मुलगा विसरू नये.

खाशाबा जाधवांची गोष्ट सांगतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा अंगाने लहानखुरा. कॉलेजच्या क्रीडास्पर्धांत, देहयष्टी पाहूनच त्यांना नाकारण्यात आले. ते थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले आणि संधी मागितली. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. पदकाचे कौतुक सर्वांनीच केले. आम्हांला कौतुक वाटते ते प्राचार्यांच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या मुलाचे, आणि दार उघडणाऱ्याचेही. दार न उघडणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

मुलींविषयी एक शब्द. मुलाचा बुजरेपणा आपण दोष मानतो आणि मुलीच्या त्याच बुजरेपणाला वळण म्हणतो! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या मुलींनी ती जिंकली, आणि त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे ही महाराष्ट्राचीच.

सुट्ट्या लागत आहेत. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात आठनंतर मैदानावर पाय ठरत नाही, तेव्हा पोरे साडेपाचलाच बाहेर पडतील. त्या वेळी ज्यांना फिरावयास जायचेच असते, अशांपैकी एखाद्याने थोडा वेळ कडेला उभे राहावे. शिकवू नये, ओरडूही नये. गडी कसे वाटले जातात आणि शेवटी कोण उरतो, एवढे पाहावे; आणि कोणी उरत असेल, तर पोरांना ती चंद्र-सूर्याची युक्ती सांगावी.