वेगवान विद्युत्कणांची मोजणी

वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवच्या शिवारावर वळवाच्या पावसांत वीज कोसळते, तेव्हां तिच्या एका लोळांतून साधारणतः 30 हजार अँपिअर प्रवाह वाहतो. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत याहून कितीतरी मोठा, दहा लाख अँपिअरांच्या घरांतील प्रवाह, घन पदार्थाच्या एका ठिपक्यांत उत्पन्न करण्यांत आला आहे. हें कार्य प्रखर लेसरचें होय. त्याचा एकेक झोत अवघा 30 फेम्टोसेकंदांच्या आसपास टिकतो. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. 30 फेम्टोसेकंदांत प्रकाशहि केसाच्या जाडीइतकें अंतर तोडूं शकत नाहीं.

झोत पडतांच अणूंतील इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युत्कण, सुटे होतात व त्यांतील कांहीं जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें पदार्थांत शिरतात. त्यांची मोजदाद करावी कशी? बाहेर पडणाऱ्या कणांच्या वाटेंत लोहचुंबक ठेवला, कीं मंदगती कण अधिक वळतात, वेगवान कमी. त्यावरून त्यांची ऊर्जा कळते. परंतु बाहेर पडणारे थोडे. पहिले कण निसटतांच मागें धन विद्युत् उरते व ती इतरांना माघारीं ओढते. वेशीबाहेर दिसलेल्या चार माणसांवरून गांवची शिरगणती करावी, तशी ही मोजणी अपुरी ठरते.

यास्तव आंतील प्रवाहाची साक्ष त्याच्याच चुंबकीय क्षेत्राकडून घ्यावी लागते. मुख्य झोतामागोमाग एक क्षीण झोत पाठवितात. परावर्तित होतांना त्याच्या कंपनांची ठेवण त्या क्षेत्रामुळें बदलते, आणि त्या बदलावरून क्षेत्राचें बळ काढतां येतें. या झोताची वाट थोडथोडी लांबवीत गेल्यास क्षणाक्षणाचा वृत्तांत मिळतो.

या रीतीनें जी. रवींद्र कुमार व त्यांचे सहकारी यांनीं कार्बनच्या अतिसूक्ष्म, समांतर नळ्यांचा अभ्यास करून 2012 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारें एक मिलिमीटर अंतर तोडूनहि प्रवाह टिकून होता. मागील बाजूस 12 कोटि गॉसपर्यंत क्षेत्र आढळलें. पृथ्वीचें क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतें.

हायड्रोजनच्या जड प्रकारांचें इंधन दाबून, त्याच्या गाभ्यांत इलेक्ट्रॉनांकरवीं ठिणगी टाकावी व अणुकेंद्रांच्या संयोगांतून ऊर्जा मिळवावी, अशी एक योजना 1994 पासून शास्त्रज्ञांपुढें आहे. तिची सारी मदार या कणांवर. ते वाटेंत विखुरले, तर गाभा पेटणार नाहीं. किती कण नेमक्या जागीं पोंचतात, हा येथें खरा हिशेब होय; आणि सरळ नळ्यांची वाट त्यांना दूरवर नेऊं शकते, हें कुलाब्याच्या मोजमापानें दाखवून दिलें आहे.