ओढ्याला ओढाच म्हणू या

रेडिओ शेजारी ठेवून भाकरी थापणाऱ्या, शेंगा फोडणाऱ्या सगळ्यांना आमच्या बचत गटाचा नमस्कार. आज आम्हाला एका साध्या शब्दावर बोलायचंय. तो शब्द म्हणजे ओढा.

गेल्या ग्रामसभेत कामांची यादी वाचून दाखवली. त्यात एक काम होतं, 'गावनाला बंदिस्त करणे'. मागं बसलेल्या आम्ही बायका एकमेकींकडं बघायला लागलो. आपल्या गावात नाला कुठला? विचारल्यावर कळलं, नाला म्हणजे आपला ओढाच! ज्यात आमच्या सासवांनी गोधड्या धुतल्या, उन्हाळ्यात वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं घागर भरली, तोच. 'ओढा बंद करायचा' असं वाचलं असतं तर म्हाताऱ्यासुद्धा उठून बोलल्या असत्या. 'नाला' म्हटल्यावर कुणी हूं की चूं केलं नाही.

वाहत्या पाण्याला आपल्याकडं किती नावं आहेत बघा. पावसात अंगणातून जातो तो ओघळ. त्याहून मोठा तो ओहोळ. मग ओढा, आणि ओढे मिळून नदी. शेताला पाणी द्यायला माणसानं काढलेला तो पाट. कोकणात, गोव्यात ओढ्याला व्हाळ म्हणतात. विदर्भात नालाच म्हणतात, आणि तिथं त्यात कमीपणा नाही. नाला हा शब्द मुळात वाईट नाहीच. नळ, नळी, नाळ, नाला ही एकाच घरातली भावंडं. बाळाला आईशी जोडते तीही नाळच की!

शहरांत मात्र ओढ्यांत गटारं सोडली आणि त्या घाणीला नाला हे नाव चिकटलं. एकदा नाला म्हटलं की पिशवी फेकताना हात अडखळत नाही. आम्हीही फेकल्यात. बाळाचे डायपर, जुनी पायताणं, शिळंपाकं, सगळं. खोटं कशाला बोला?

ओढा या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. लेकीचा माहेराकडं ओढा असतो, असं आपण म्हणतो. पाण्यालाही आपल्या वाटेची अशीच ओढ असते. वाट अडवली तरी ते विसरत नाही.

पुण्याच्या आंबील ओढ्याचंच बघा. तो कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि पर्वती, दांडेकर पूल या भागांतून जाऊन मुठा नदीला मिळतो. पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून पुण्याला पाणी नेलं. पुढं शहर वाढलं, ओढ्याच्या काठाला वस्त्या आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री जोरदार पाऊस झाला आणि ओढा घराघरांत शिरला. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. त्या पावसात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. त्याचं नाव ओढाच राहिलं होतं, पण जागा राहिली नव्हती. म्हणजे नुसतं नाव जपूनही भागत नाही.

आपल्या कायद्यातही ओढ्याला जागा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातलं कलम २० सांगतं की नद्या, ओढे, नाले यांचे तळ कुणा दुसऱ्याच्या मालकीचे नसतील तर ते सरकारचे. गावाच्या नकाशावर ओढ्याची रेघ असते. तो नकाशा मागून बघता येतो. आम्ही बघितला. रेघेवर दोन गोठे आणि एक दुकान निघालं. त्यातला एक गोठा आमच्याच गटातल्या बाईचा. ती आधी रागावली, मग म्हणाली, "सगळ्यांचं हलवा, माझंही हलवते."

आम्ही अर्ज दिलाय. ओढा नळात घालू नका, गाळ काढा, आणि सांडपाण्यासाठी घरोघरी शोषखड्डे करा, एवढंच मागितलंय. अर्जात तीन ठिकाणी मुद्दाम 'ओढा' लिहिलंय. निर्णय अजून व्हायचाय.

तोवर तुम्ही एक करा. आज संध्याकाळी घरातल्या थोरल्या बाईला विचारा, आपल्या ओढ्याचं नाव काय, तो कुठून येतो आणि कुठं जातो. उत्तर पोरांना सांगा. नाव माहीत असलेल्यावर कचरा टाकायला जरा जड जातं.

येतो आम्ही. नमस्कार.