माऊस कोणाच्या हातात?



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो. पण माझ्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीला कायम कुलूप असायचं. तास झालाच, तर आम्ही पोरं मागे दाटीवाटीने उभी आणि माऊस सरांच्या हातात. व्याख्या मात्र तोंडपाठ होत्या. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क पडले. कॉलेजात गेल्यावर कॉम्प्युटर बंद कसा करायचा, हे मला शेजारच्या मुलाला विचारावं लागलं!

आता दिवस बदललेत. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ही कल्पना आधी आपल्या वर्गात वापरली. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. खेड्यातल्या एका शाळेतून हे घडलं.

पण कोड स्कॅन करून व्हिडिओ बघणं ही पहिली पायरी झाली. खरी तालीम पुढे आहे. १९६७ साली सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. त्यात मुलं एका कासवाला हुकूम देतात: पुढे जा, वळ. चौकोन सोपा आहे. पुढे जा, ९० अंशांत वळ, असं चार वेळा. मग त्रिकोण काढायला सांगा. मुलं हमखास ६० लिहितात आणि कासव भलतीकडेच जातं. विचार केल्यावर उमगतं, की कोपरा ६० अंशांचा असला तरी कासवाला १२० अंशांत वळावं लागतं. कुणी रागावत नाही, कुणी हसत नाही. चूक डोळ्यांसमोर दिसते आणि मूल ती स्वतः दुरुस्त करतं. आज पायथनमध्ये हेच कासव फुकट मिळतं.

आता आपल्या कारध्याचं बघा. पावसाळ्यात इथल्या पुलाजवळची वैनगंगेची पातळी सारा जिल्हा विचारतो. ती रोज मुलांनी स्प्रेडशीटमध्ये भरली, शेजारी इथला पाऊस लिहिला आणि आलेख काढला, तर एखादी मुलगी नक्की विचारेल: "इथं पाऊस नाही, मग नदी का फुगली?" मग नकाशा उघडेल आणि वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, संजय सरोवर सापडेल. ऑगस्ट २०२० च्या अखेरचा पूर ज्यांनी सोसला, त्यांच्या मुलांसाठी हा भूगोल परीक्षेपुरता नाही.

एखादी मुलगी, असं मी मुद्दाम म्हणालो. आपल्या किती घरांत फोन अब्बूंचा, लॅपटॉप भाईजानचा आणि बहिणीच्या वाट्याला "नंतर बघू"? शाळेत कॉम्प्युटर आला, तरी माऊस पुन्हा मुलांच्याच हातात राहिला, तर काय बदललं?

म्हणून माझं मागणं लहान आहे. तुमच्यापैकी जे कॉलेजात आहेत, नोकरीत आहेत, त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत. एक जुना लॅपटॉप आणि पाच मुलं पुरेत. मात्र एक नियम पाळा: मूल अडलं तरी माऊस त्याच्या हातातून काढून घ्यायचा नाही. आणि सुरुवात आज घरी जाऊन करा. लॅपटॉप बहिणीसमोर ठेवा आणि तुम्ही मागे उभे राहा.