दाव्याच्या फाइलमागचं घर



या परिषदेचं अध्यक्षपद यंदा दावे विभागात उमेदीची सगळी वर्षं घालवलेल्या माणसाकडे दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. व्यवसाय वाढवण्याविषयी माझ्याआधी पुष्कळ जाणकार बोलले. मी दाव्यांविषयीच बोलणार आहे.

कोरोनाकाळात आरोग्य विमा कंपन्यांनी समाजासाठी काय केलं, असं विचारलं की आपण मास्कवाटपाचे आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचे फोटो दाखवतो. त्या मदतीचं मोल आहेच. पण साथीत होरपळलेल्या वस्तीला विमा कंपनीने आधार दिला की नाही, हे तिथून आलेल्या दाव्यांचं काय झालं यावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

२०२० च्या पावसाळ्यात एका तऱ्हेच्या फाइली सारख्या येत होत्या. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह, ताप उतरलेला, ऑक्सिजन ९६, औषधं तोंडावाटे. त्यावर शेरा पडायचा : ‘लक्षणे सौम्य, दाखल करण्याची गरज दिसत नाही.’ डॉक्टरी हिशेबाने शेरा बरोबर. पण त्याच फाइलच्या पहिल्या पानावर पत्ता असायचा. लालबागची चाळ, दुसरा मजला, खोली क्रमांक अमुक. मुंबईत वाढलेल्या कुणालाही तो पत्ता वाचून घर दिसतं. दहा बाय बाराची खोली, मोरीला पडदा, पोटमाळ्यावर धाकटा भाऊ, खाटेवर म्हातारी आई, आणि संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचा मिळून. घरी विलगीकरणात राहायचं तर वेगळं राहण्याची सोय हवी, असं सरकारच्याच सूचनांत लिहिलेलं होतं. मग हा माणूस रुग्णालयात गेला तो आईला वाचवायला, आणि शेजारच्या बिऱ्हाडांनाही. ज्याच्या घरात जास्तीची खोली आहे त्याच्यासाठी लिहिलेला निकष आपण चाळीला लावला. असे दावे मंजुरीची शिफारस करून वर पाठवणारे सहकारी तेव्हाही होते. त्यांतले काही आज सभागृहात आहेत. त्यांचा मला अभिमान वाटतो.

दुसरी लढाई बिलातल्या एका ओळीवर व्हायची : पीपीई किट. राज्य सरकारने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई मात्र त्या दरांबाहेर राहिलं, आणि बिल तिथे फुगलं. परिचारिका एकच किट घालून अख्खा वॉर्ड सांभाळायची आणि आकारणी प्रत्येक खाटेवर व्हायची. आपल्याकडून ती रक्कम ‘उपचारेतर खर्च’ म्हणून वजा व्हायची. रुग्णालय आणि कंपनी यांच्या वादाचा भुर्दंड अखेर रुग्णाच्या नातेवाइकाने दागिने गहाण टाकून भरला.

विमा नियामकाने त्या काळात बरंच चांगलं केलं, तेही नोंदवलं पाहिजे. कॅशलेसचा निर्णय दोन तासांत द्या, असा आदेश एप्रिल २०२० मध्येच निघाला. सरकारमान्य तात्पुरत्या कोविड रुग्णालयांना रुग्णालय म्हणूनच धरा, असं जुलैमध्ये बजावलं. त्याच महिन्यात ‘कोरोना कवच’ ही विमा पॉलिसी आली : ५० हजारांपासून पाच लाखांपर्यंत संरक्षण, साडेतीन ते साडेनऊ महिन्यांची मुदत, आणि घरच्या उपचारांचा १४ दिवसांपर्यंतचा खर्चही त्यात धरलेला. पीपीई, हातमोजे यांचा खर्चही त्यात आला. म्हणजे मनात आणलं तर ही वजावट टाळता येत होती. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, खाटेसाठी रुग्णवाहिका दारात ताटकळत असताना दिल्ली उच्च न्यायालयाला यात लक्ष घालावं लागलं आणि दोन तासांचा एक तास झाला. आपल्या मंजुरीच्या ईमेलवाचून बरा झालेला माणूस खाटेवर अडकायचा आणि धाप लागलेला बाहेर थांबायचा.

आता आशा सेविकांविषयी. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने मार्च २०२० मध्ये ५० लाखांचा विमा जाहीर केला. आपल्या मुंबईतल्या न्यू इंडिया अॅश्युरन्सकडे तो होता आणि आशाही त्यात होत्या. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत याच बायका ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. पण मानधनावर राबणाऱ्या बाईकडे नेमणुकीचे कसले कागद असणार? ती कोविडच्याच कामावर होती, हे तिच्या माघारी घरच्यांनी दाखवायचं कसं? २०२१ च्या जूनमध्ये जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला पुरेसा मानून ४८ तासांत दावा निकाली काढायचं ठरलं. हे पहिल्याच दिवशी का झालं नाही, हा प्रश्न मला अजून सतावतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये राज्यातल्या सर्वांना खुली झाली, पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही. हे कित्येकांना कळलं ते बिल भरून झाल्यावर. वस्तीत आधीपासून ओळख असलेला विमा प्रतिनिधी ही बातमी घरोघर पोहोचवू शकतो. कमिशनच्या कोष्टकात या कामाला आज जागा नाही. ती असली पाहिजे.

दुपारच्या सत्रात मी दोन ठराव मांडणार आहे. साथ जाहीर झाली की ‘दाखल होण्याची गरज होती का’ हे ठरवताना रुग्णाच्या घरात वेगळं राहायची सोय होती का, ही नोंद दाव्यात सक्तीची असावी. आणि दावा नाकारल्याचं पत्र मराठीत जावं, कारण सोप्या शब्दांत लिहिलेलं असावं, खाली मुंबई आणि पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयांचे पत्ते ठळक छापावेत आणि तिथे दाद मागायला पैसे पडत नाहीत हेही सांगावं. मसुद्याच्या प्रती नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी जेवणाच्या सुट्टीपूर्वी त्या सचिवांकडे लेखी द्याव्यात.