पाणमोट फोडायची घाई नको



बाळंतपणाच्या खोलीबाहेर बसलेल्या बायका बऱ्याचदा म्हणतात, "सिस्टर, पाणी फोडा ना, म्हणजे लवकर सुटका होईल." सुनेचे हाल बघवत नाहीत, म्हणून आपण असं बोलतो. पण पाणमोट फोडल्याने नेमकं काय होतं?

बाळ पोटात पाण्याच्या पिशवीत असतं. कळा येतात तेव्हा हे पाणी बाळाला आणि नाळेला दाबापासून सांभाळतं. जंतूंनाही ही पिशवी अडवते. बहुतेक बायकांची पाणमोट कळा जोरात आल्यावर आपोआपच फुटते.

डॉक्टर किंवा सिस्टर आतून तपासताना निर्जंतुक हत्याराने पिशवीला छेद देतात. पिशवीला वेदना नसते, पण आतल्या तपासणीचा त्रास होतो. पाणी गेलं की बाळाचं डोकं पिशवीच्या तोंडावर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखावर दाबतं आणि कळांचा जोर वाढू शकतो.

मग सरसकट सगळ्यांचीच का फोडू नये? १५ अभ्यासांतल्या ५,५०० हून जास्त बायकांची माहिती २०१३ साली एकत्र तपासली गेली. सरसकट पाणमोट फोडल्याने बाळंतपणाचा वेळ ठळकपणे कमी झाला नाही, बाळाच्या तब्येतीलाही ठळक फायदा दिसला नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते, की बाळंतपण लांबू नये एवढ्याचसाठी नुसती पाणमोट फोडू नये.

यात धोकेही आहेत. डोकं खाली बसलेलं नसेल, तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ बाहेर घसरू शकते. ती दाबली गेली की बाळाचा प्राणवायू तुटतो. पाणी जाऊन बराच वेळ झाला, तर आईला आणि बाळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो.

कधीकधी मात्र गरज असते. कळा मंदावल्या, किंवा कळा सुरू करायच्या असल्या, तर डॉक्टर हा निर्णय घेतात. तेव्हा डोकं खाली आहे का हे बघायला हवं, आणि आधी व नंतर बाळाचे ठोके ऐकायला हवेत. "कशासाठी फोडताय?" असं विचारण्याचा बाळंतिणीला पूर्ण हक्क आहे. घरी मात्र कुणीही, कितीही जाणती सुईण असली तरी, पाणमोट फोडू नये.

घरीच पाणी गेलं तर? वेळ लक्षात ठेवा. स्वच्छ कापड किंवा पॅड लावा, आत बोट घालू नका. कळा नसल्या तरी दवाखान्यात जा. पाणी हिरवट किंवा घाण वासाचं असेल, रक्त जात असेल, ताप असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल किंवा नववा महिना लागायचा असेल, तर क्षणभरही थांबू नका. १०८ ला फोन करा, गाडी मोफत येते.

नाळ बाहेर दिसली, तर ती आत ढकलू नका, ओढू नका. बाईला गुडघे आणि छाती टेकून, कंबर उंच करून ठेवा. गाडीत डाव्या कुशीवर झोपवून कमरेखाली उशी द्या.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा. ज्यांच्या घरी गरोदर बाई आहे, त्यांनी आशाताईंचा फोन नंबर आणि १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.