देवाच्या कुत्र्याचा रोडगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण लोणची, पापड, दिवाळीचा फराळ यांवर बोलतो. यंदा मी कुत्र्याच्या खाऊवर बोलणार म्हटल्यावर काही जणींना हसू आले. हसा, पण शेवटपर्यंत ऐका. या खाऊपायी आमच्या मोतीचा जीव जायची वेळ आली होती, आणि चूक माझीच होती.

कुत्र्याला घास घालणे आपल्याकडे नवे नाही. दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या संगतीला कुत्रा. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकली. आकुर्डीच्या खंडोबाला आपल्यातल्या पुष्कळजणी जातात. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा होतो, तळी भरली जाते आणि देवाचा म्हणून कुत्र्यालाही नैवेद्य घालतात.

दोन वर्षांपूर्वी मीही तेच केले. भरितात कांद्याची पात आणि लसूण सढळ हाताने घातले होते. मोतीने आमचे पान चाटूनपुसून खाल्ले, वर शेजारच्या तीन घरचाही नैवेद्य खाल्ला. तिसऱ्या दिवशी तो जागचा उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी तांबूस काळी. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “कांदा घातलात का?” कांद्यालसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांदा कच्चा असो, शिजलेला असो वा मसाल्यातला असो, सारखाच वाईट. शिवाय त्रास एकदोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा दिसतो, म्हणून कारण चटकन ध्यानात येत नाही. मोती वाचला, पण अंगात ताकद यायला पंधरा दिवस लागले.

मला मग वेगळीच काळजी लागली. नैवेद्य बंद केला तर देवाला काय वाटेल? सासूबाई म्हणाल्या, “अगं, भरीत देवाला दाखव आणि कुत्र्याला नुसता रोडगा घाल. आपल्या कुत्र्याचा जीव वाचला म्हणून देव रागवेल होय?”

तेव्हापासून मोतीचा रोडगा मी वेगळा करते. कृती सोपी आहे. दोन वाट्या बाजरीचे ताजे पीठ घ्यावे. जुने कडू होते. त्यात अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक अंडे घालावे. अंडे चालत नसेल त्यांनी दोन चमचे दही घालावे. मीठ, तिखट, साखर, गूळ काही नको. लागेल तसे पाणी घालून घट्ट मळावे, पाव इंच जाड लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत. जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खुटखुटीत भाजावेत. एक मोडून पाहावा. आत कच्चे नको. पूर्ण निवल्यावर डब्यात भरावेत. बाहेर दोन दिवस, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात. बुरशी दिसली तर सगळेच टाकावे. बाजरीऐवजी नाचणी किंवा ज्वारीही चालते.

हा खाऊ आहे, जेवण नव्हे. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक देऊ नये. लहान कुत्र्याला दोन-तीन तुकडे पुरेत.

आता काय घालू नये ते सांगते. शिऱ्यातले बेदाणे, मनुका आणि द्राक्षे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मुले लाडाने चॉकलेट देतात, ते विषच. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकाएकी उतरते. रविवारच्या मटणाची शिजलेली हाडे आतड्यात टोचतात, आणि त्या रश्शात कांदालसूण असतोच. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांविषयीही सांगते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्यांना रस्त्यात कोठेही खाऊ घालू नये, महापालिकेने ठरविलेल्या जागीच घालावे. म्हणजे दारापुढे पाने मांडायची आपली रीतही आता बदलायला हवी.

“उरले ते कुत्र्याला” अशी आपल्याला सवय आहे. आपल्या ताटातले उरलेले आपल्या जिभेसाठी केलेले असते, त्याच्या पोटासाठी नव्हे. ते मुके जनावर आपण घालू ते विश्वासाने खाते. तेव्हा विचार आपणच केला पाहिजे.

येत्या चंपाषष्ठीला भरीत भरपूर करा, मलाही बोलवा. पण पीठ मळताना मीठ घालण्याआधी मूठभर बाजूला काढा. तेवढाच देवाच्या कुत्र्याचा रोडगा.